वर गेलेले डावे हात

वृषालीला त्या दिवसांत एका जागी बसवत नव्हतं. पडवीत वेचलेला कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता. त्याच्या कडेने ती आत जायची, बाहेर यायची. झाडू हातात घ्यायची आणि अर्धं अंगण झाडून तो भिंतीला टेकवून ठेवायची. चुलीवर चहा उकळत ठेवून मोबाईलवर तारीख बघायची. जानेवारीची सहा. मग सात.

"पायाले चाकं लावून आली का वं तिकून?" आई म्हणायची. "बस ना घडीभर."

तिकून म्हणजे मॉरिशसहून. वृषाली नांदेडच्या एका कॉलेजात बी.एड. करत होती. दुसऱ्या वर्षी सराव पाठ द्यायचे असतात, आणि त्या वर्षी कॉलेजने दोन विद्यार्थिनींना सहा आठवड्यांसाठी मॉरिशसला पाठवलं. तिथे काही शाळांतून मराठी शिकवतात, कधीकाळी कोकणातून गेलेल्यांच्या पतवंडांना. वृषालीचं नाव यादीत आलं तेव्हा तिच्या वडिलांनी, धोंडीबा मास्तरांनी, जवळच्या तलमडुगुच्या बसथांब्यावर ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना पेढे वाटले. बरडगावातून विमानात बसलेलं पहिलं माणूस त्यांची मुलगी होती. आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, वडील शिकून मास्तर झाले, आणि मुलगी समुद्रापलीकडच्या लेकरांना शिकवायला निघाली. मास्तर हे कोणालाही सांगायचे, बस उशिरा आली तर दोनदा सांगायचे.

दिवाळीच्या सुमारास वृषाली परत आली ती एक पाठ बाकी ठेवून. घरी तिने सांगितलं की शेवटच्या पाठाचं रेकॉर्डिंग खराब झालं, तो इथून करून पाठवायचा आहे. आईने मान हलवली. बाबा म्हणाले, "मशीनचा काय भरोसा!" आणि विषय संपला.

वृषालीसाठी मात्र तो संपला नव्हता, कारण ती खोटं बोलली होती.

तिकडची शाळा उसाच्या रानाच्या कडेला होती. वर्गात अकरा मुलं. घरात ती तिथली क्रियोल भाषा बोलत, मराठी त्यांना आजीच्या ट्रंकेतल्या लुगड्यासारखी, कौतुकाची पण अंगावर न बसणारी. वृषाली त्यांना भाज्यांची नावं शिकवायची, बाजार मांडायची, मुलं हसायची. शेवटच्या पाठाला तिथल्या प्राध्यापिका येऊन मागे बसणार होत्या. सगळे त्यांना सुनयना मिस म्हणत. त्यांचा शेरा आला की सहा आठवडे धरले जाणार, नाहीतर नाही. आणि ते धरले गेले नाहीत तर बी.एड. अडणार, शिक्षक भरतीचा अर्ज अडणार.

आदल्या दिवशी वृषालीने मुलांना एक गोष्ट सांगितली. फळा पुसावा इतक्या सहज सांगितली. उद्या पाहुण्या येतील. मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा.

यात काही वावगं आहे असं तिच्या मनातही आलं नाही. ती या युक्तीतच लहानाची मोठी झाली होती. बरडगावच्या शाळेत मुआयना असला, म्हणजे वरचे साहेब तपासणीला आले, की धोंडीबा मास्तरांच्या वर्गात एकही हात खाली नसायचा. साहेब खूश होऊन जायचे. मास्तर फक्त उजव्या हातांना उठवायचे. वृषाली त्याच वर्गात शिकली, आणि मास्तरांची मुलगी म्हणून तिचा नेहमी उजवाच. तिसरीत एकदा भागाकार येत नव्हता म्हणून तिने डावा वर केला होता. बाबांची नजर तिच्यावरून भिंतीवरून सरकावी तशी पुढे सरकली. ते रागावले नाहीत, घरी काही बोललेही नाहीत. पण त्या रात्री तिने भागाकाराची वीस उदाहरणं केली, आणि पुन्हा कधी डावा हात वर केला नाही.

मॉरिशसच्या त्या वर्गात अकरा हात वर गेले. वृषालीने दोघा-तिघांना उठवलं, उत्तरं चोख आली. पहिल्या बाकावरची सात वर्षांची एक मुलगी हात वर धरून वाट बघून कंटाळली. ती मागे वळली आणि सुनयना मिसना मोठ्या उत्साहाने सांगू लागली, "मिस, माझा डावा आहे. म्हणजे मला येत नाही. टीचरनी काल शिकवलं." चहाडी नव्हती ती. खेळाचा नियम नवीन माणसाला सांगावा तसं तिने सांगितलं होतं.

पाठ संपल्यावर सुनयना मिस वृषालीजवळ येऊन बसल्या. त्यांचं मराठी पुस्तकी आणि सावकाश होतं. "तू चांगलं शिकवतेस. पण ज्यांना येत नाही ती मुलं तू मला दाखवलीच नाहीस. मी त्यांनाच बघायला आले होते."

त्यांनी तिला नापास केलं नाही. शेऱ्याची जागा कोरी ठेवली आणि सांगितलं, "आपल्या गावच्या शाळेत एक तास घे. चाळीस मिनिटं, मध्ये कुठेही न तोडता चित्रित कर आणि पाठव. त्यात एक मूल चुकलेलं मला दिसू दे. आणि मग तू काय करतेस ते." मुदत दहा जानेवारी.

अडीच महिने वृषालीने तो पाठ पुढे ढकलला. कधी कॉलेजची परीक्षा, कधी कापूस वेचायला माणसं नाहीत, कधी नुसतीच टाळाटाळ. आता दहा तारीख परवावर आली होती, आणि अकरापासून शाळांना संक्रांतीची सुट्टी लागत होती.

शाळा बाबांचीच, त्यांच्या निवृत्तीनंतरही गाव तिला मास्तरांची शाळा म्हणतं. मराठी वर्गात आता चौदाच मुलं उरली होती. बाकीची सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेला जात. एकच शिक्षक, नागेश सर, आणि तेही बाबांचेच विद्यार्थी. वृषालीने विचारल्याबरोबर ते म्हणाले, "घे ना! दहा तारखीले सकाळी घे. मोबाईल मी धरतो. माहा हात हालत नाई."

घरी तिने बाबांना बजावलं. "बाबा, पोरायले काही सांगू नका. अगदी कोरे पायजेत."

"आंगोळ करून या, एवढं तरी म्हनू का नाई?"

"तेवढं म्हना."

"आन शेंबूड?"

"बाबा!"

"बरं बापा, नाई सांगत," ते हसत म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

नऊ तारखेला संध्याकाळी ते फिरायला म्हणून गेले आणि दिवा लागल्यावर आले. "एवढा वेळ?" आईने विचारलं. "शाळेकडं गेलतो, लेकरं खेळून राह्यलती," बाबा म्हणाले. वृषाली आत पाठाचं टाचण तिसऱ्यांदा लिहीत होती; आधीची दोन पडवीतच पडून होती, कोणालाही वाचता येतील अशी. तिने ते ऐकलं, पण त्याचा अर्थ तिच्या लक्षात आला नाही.

दहा तारखेला सकाळी थंडी होती. चौदा मुलं स्वेटरात गुरफटून सतरंजीवर बसली, केस तेल लावून चापून बसवलेले. नागेश सरांनी मोबाईल छातीशी धरला आणि मान हलवली. मास्तर आत आले नाहीत. खिडकीबाहेर कडुनिंबाला टेकून उभे राहिले, शाळा तपासायला आलेल्या पाहुण्यासारखे आणि चोरासारखेही.

पाठ होता गावाच्या नकाशाचा. वृषालीने लाकडी फळ्यावर शाळा काढली, रस्ता काढला, हनुमानाचं देऊळ, बुद्धविहार, खालच्या कोपऱ्यात टेकडी, आणि शाळेच्या मागून जाणारा नाला. वर उत्तर दिशा लिहिली. मुलं मन लावून बघत होती. तिचा आवाज स्थिर झाला. मग तिने प्रश्न विचारला.

"या नाल्यातलं पाणी कोणत्या बाजूनं वाहतं? इथं बाण काढून कोण दाखवील?"

चौदा हात वर गेले.

एकदम, सरळ, कोपर न वाकवता. त्यातले नऊ उजवे होते आणि पाच डावे.

वृषालीने खिडकीकडे पाहिलं. बाबा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे बसथांब्यावर पेढे वाटताना होतं. त्यांनी तिच्यासाठी केलं होतं हे. त्यांना जे सगळ्यात चांगलं करता येत होतं ते केलं होतं.

मोबाईल चालू होता. थांबवला तर पाठ तुटला, आणि उद्यापासून वर्ग रिकामा. एखाद्या उजव्या हाताला बोलावलं तर पाठ गुळगुळीत होणार, टाळ्या वाजणार, आणि समुद्रापलीकडे ती बाई चौदा हात मोजून पुन्हा जागा कोरी ठेवणार. राहता राहिले पाच. ते कोण आहेत हे बाबांनीच तिला दाखवून ठेवलं होतं.

दुसऱ्या ओळीत चौथीतली भाग्यलक्ष्मी बसली होती, गोपाल पाटलांची नात. तिचा डावा हात सगळ्यांत उंच होता.

"भाग्यलक्ष्मी, ये."

मुलगी जागची हलली नाही. तिने आधी खिडकीकडे पाहिलं, मग वृषालीकडे. "म्याडम," ती अगदी हळू म्हणाली, "माहा डावा हाय."

"दिसला मले. म्हनूनच बोलावलं."

भाग्यलक्ष्मी उठली. तिने खडू घेतला आणि फळ्यासमोर उभी राहिली. हात मात्र अजून वरच, खाली घ्यायचा ती विसरली होती. वर्ग शांत झाला. सराव पाठात अशी शांतता म्हणजे दोष, वहीत तशी नोंद होते. आजवर मूल अडलं की वृषालीने दुसऱ्याला उठवलं होतं, नाहीतर स्वतःच अर्धं उत्तर पुरवलं होतं. आता ओठांवर आलेले शब्द ती गिळत राहिली. बाहेर कुठेतरी कोणीतरी बैलाला हाकलत होतं. नागेश सरांनी मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. खिडकीजवळची सावली सरकली.

भाग्यलक्ष्मीने बाण काढला. नाल्यापासून खाली, टेकडीकडे.

एक मुलगा फिसकन हसला. "उलटा! वरतं पायजे."

"काऊन खाली काढला?" वृषालीने विचारलं.

मुलीचा ओठ थरथरला, पण तिने उत्तर दिलं. "पानी वरतं चढते का म्याडम? पानी तं खालीच जाते."

वृषालीने टाचण बाजूला ठेवलं. ती हसणाऱ्या मुलाकडे वळली. "तू म्हणतोस वर. वर काऊन?"

मुलगा उठला. डोकं खाजवलं. "मास्तरनं सांगतलं काल."

"मास्तर नसते तं?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. तिने दुसऱ्या उजव्या हाताला विचारलं, मग तिसऱ्या. वर बाण, हे सगळ्यांना पाठ होतं, आणि का ते एकालाही माहीत नव्हतं. एकेक उजवा हात खाली आला. तिने खिडकीकडे बघायचं टाळलं.

"उचला फळा," ती म्हणाली.

"ऑं?" नागेश सरच म्हणाले.

"उचला. बाहेर नेऊ. सर, मोबाईल बंद नका करू."

मग जे झालं त्याला पाठ म्हणावं की वरात. चार मुलं फळा धरून, बाकीची भोवताली ओरडत, मागे उलट्या पावलांनी ठेचकाळत नागेश सर. शाळेमागच्या नाल्याच्या काठी फळा जमिनीवर आडवा ठेवला. "शाळेकडं शाळा करा," वृषाली म्हणाली, आणि मुलांनी तो ढकलत, भांडत फिरवला, टेकडीसमोर टेकडी येईपर्यंत. नाल्यात पिंढरीभर पाणी होतं. भाग्यलक्ष्मीने कापसाच्या पऱ्हाटीचं वाळलेलं बोंड आणून त्यात टाकलं. बोंड डुचमळत, दगडाला अडत टेकडीकडून निघालं आणि उत्तरेला पैनगंगेच्या दिशेने गेलं. मुलगी फळ्याभोवती एक फेरी फिरली. खाली बसली. तळहाताने आपला बाण पुसला आणि दुसरा काढला.

"आता बराबर?" कोणीतरी विचारलं.

"बराबर," ती म्हणाली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. "म्याडम, मंग हा फळा पुन्हा भिंतीले लावला का पानी वरतं चढल्यावानीच दिसन. मंग तसा लावताच काऊन?"

वृषाली उत्तर द्यायला गेली आणि थांबली. "सांगा, कोणाले वाटते काय?" तिने सगळ्यांना विचारलं. त्यावरून जो गलका झाला त्यातच चाळीस मिनिटं संपली.

ती परतली तेव्हा कडुनिंबाखाली कोणी नव्हतं.

बाबा घरी पडवीत होते, कापसातला पाला निवडत. हे काम ते कधी करत नसत. आई दोघांकडे आळीपाळीने बघून आत निघून गेली.

"त्या लेकराले काऊन उठवलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "डावा होता तिचा. तुले मालूम होतं."

"तुमी काल पोरायले शिकवलं बाबा. मी नाई म्हनलं होतं."

"माह्या पोरीचा पाठ होता."

ती त्यांच्यासमोर बसली. चार दिवसांत पहिल्यांदाच ती धड बसली होती. मग तिने सांगितलं. रेकॉर्डिंग खराब झालं नव्हतं. अकरा हात, ती पहिल्या बाकावरची मुलगी, कोरी ठेवलेली जागा. बाबांचा हात कापसात तसाच राहिला.

"लेकरानं सांगून टाकलं?"

"हाव."

"भ्याली नाई?"

"नाई. उलट खूश होती."

मग त्यांनी जे सांगितलं ते वृषालीने कधी ऐकलं नव्हतं. "माहा पयला मुआयना. ब्याण्णव साल. बावीस लेकरं, समदे सालदारायचे, मजुरायचे. साहेबानं इचारलं, आन एकाचाबी हात वर नाई. मांडीखाली हात घालून बसले होते. येत होतं वं त्याइले! पन ज्याइच्या मायबापानं कोनासमोर मान वर नाई केली, ते हात कसे वर करतीन? साहेब म्हने, मास्टरजी, ये तो पत्थर हैं, खेत में ही रहने दो." त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. "तवा ठरवलं. येवो का न येवो, या लेकरायचे हात वर जातीन."

वृषालीने आयुष्यभर जी युक्ती समजली होती ती ही नव्हती. आणि तरीही भाग्यलक्ष्मीने गिळलेलं रडू तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकमेकांत बसत नव्हतं.

"पाठवलं का ते?" बाबांनी विचारलं.

"इथं नेट कुठी आहे एवढं?"

ते उठले. "गाडीची चाबी आन."

इचोड्याला हायवेवर बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं, संतोषचं, मोबाईलचं दुकान होतं. दुपारी दोघं तिथे पोहोचले. ट्रक धडधडत नागपूरकडे जात होते, काउंटरवरच्या काचा हादरत होत्या. चित्रफीत जायला सुरुवात झाली, पाच टक्के, सात टक्के. वृषाली दुकानाच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची.

"दाखव मले," बाबा म्हणाले.

संतोषने दुसऱ्या मोबाईलवर लावून दिलं. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. भाग्यलक्ष्मी फळ्यासमोर उभी राहिली ती शांतता आली तेव्हा त्यांनी ती पूर्ण पाहिली. मग चित्रफीत मागे नेऊन हात वर गेले तिथे थांबवली. बोट काचेवर ठेवून ते एकेका डाव्या हातापाशी थांबू लागले. "हा गोपाल पाटलाची नात. हा आपल्या विमलबाईचा. याले तं... हा पाचवीत हाय ना वं?" पाचव्या हातावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं. "इतके वर्ष झाले," ते म्हणाले, "मी उजवेच पाहत गेलो."

वृषाली त्यांच्या शेजारी उभी राहिली. शंभर टक्के झाले तेव्हा दोघांनाही कळलं नाही, संतोषने सांगितलं.

तीन दिवसांनी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, उत्तर आलं. पाठ पूर्ण, शेरा कॉलेजला पाठवला आहे. खाली एक ओळ होती: फळा भिंतीला का लावतात, यावर मुलांचं काय ठरलं ते कळव. आईने तिळाचा लाडू तिच्या तोंडात कोंबला. बाबांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं, पण या वेळी बसथांब्यावर गेले नाहीत.

सुट्टी संपल्यावर वृषाली पुन्हा शाळेत गेली. नांदेडला परतायला दोन दिवस होते, आणि ते उत्तर द्यायचं राहिलं होतं. बाबा तिच्यासोबत आले आणि या वेळी आत, मागच्या भिंतीशी, सतरंजीवर बसले. तिने मुलांना सांगितलं, ज्याला वाटेल त्यानेच हात वर करायचा. कोणताही हात. नसेल वाटत तर नाही. मग तोच फळ्याचा प्रश्न विचारला.

तीन हात वर गेले. अकरा खाली राहिले. काही मांडीखाली, काही स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले.

ते बघणं वृषालीला वाटलं होतं त्यापेक्षा फार जड गेलं. सगळे हात वर असते तर किती बरं दिसलं असतं, हे तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. तिने मागे पाहिलं. बाबा उठून जातील असं वाटलं होतं. ते उठले नव्हते. भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन ते त्या अकरा जणांकडे बघत होते, एकेकाकडे, पहिल्यांदा हजेरी घ्यावी तसे.

वृषालीने खडू खाली ठेवला आणि स्वेटरात हात ओढून बसलेल्या पहिल्या मुलाजवळ जाऊन बसली.